हवेचा वाटा

"मी लग्न करून राहिलो, प्राची," मोरेश्वर वासेकर म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा वांग्याच्या भरतात बुडवला.

जानेवारीतला रविवार होता. चंद्रपुरात वर्षातले जे थोडे दिवस माणसाला आपणहून उन्हात बसावंसं वाटतं, त्यांतला एक. बाप-लेक गच्चीवर सतरंजी टाकून जेवायला बसले होते. बाबा सकाळच्या बसनं वरोऱ्याहून आले होते आणि आल्यापासून शीळ घालत होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून सगळी नोकरी केलेला हा माणूस शीळ घालतो, हे प्राचीला आजवर माहीत नव्हतं.

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला हवं होतं. पण तिची नजर गेली ती त्यांच्या डाव्या मनगटावरच्या राखाडी पट्ट्याकडे.

"कोणाशी?" हे तिनं त्यानंतर विचारलं.

"देवगडे मॅडम. ज्योत्स्ना देवगडे. बसस्टँडजवळ मेडिकल होतं त्यांचं, तुले आठवत असन. आता दुकान विकलं. ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये कॅरम खेळाले येतात. मले रोज हरवतात."

"बाबा, तुमचा पट्टा बघू जरा."

त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरला नाडी दाखवावी तसा, निमूटपणे.

हवेमुळं माणसाचं मन बदलतं, हे सांगायला शास्त्रज्ञांची गरज नव्हती. मे महिन्यात घराघरांत भांडणं होतात आणि सूर्य दिसेनासा झाला की माणसं मलूल होतात, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. नवं होतं ते मोजमाप. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो. शरीर तापू न देणं हे त्याचं काम, आणि भूक, झोप, राग यांच्या दोऱ्याही त्याच्याच हातात. बाहेरचा पारा चढला की तो शरीर थंड ठेवण्यात गुंततो आणि रागावरची त्याची पकड सैल होते. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्या काही पाहत नाहीत, उजेड किती आहे एवढंच मेंदूला कळवतात. आभाळ भरून राहिलं की त्यांचा निरोप क्षीण होतो, झोपेचं घड्याळ मागेपुढे सरकतं आणि मन खाली बसतं.

पट्टा हे सगळं बाहेरून टिपायचा. घाम, नाडीची लय, झोप, बोलण्याचा वेग आणि सूर. दुसऱ्या बाजूनं गावातल्या हवामान केंद्राकडून त्याला तापमान, दमटपणा, हवेचा दाब आणि उजेड कळायचा. वर्षभर वापरला की त्या माणसावर कुठल्या हवेचा किती परिणाम होतो, ते त्याला पाठ व्हायचं. मग तो आजच्या मनःस्थितीचे दोन भाग करून दाखवायचा. एक माणसाचा स्वतःचा, दुसरा हवेचा वाटा.

दहा वर्षांत हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. ऑफिसात लोक म्हणायचे, आज माझा हवेचा वाटा मोठा आहे, मीटिंग उद्या घेऊ. लग्नाच्या जाहिरातींत रक्तगटाशेजारी हवेचा स्वभाव छापून येऊ लागला. आणि कुणी कुणाला लागेल असं बोललं, तर "चुकलं माझं" म्हणायची पद्धत हळूहळू मागे पडली. त्याऐवजी माणसं "हवा होती" म्हणून मोकळी व्हायची.

प्राची कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होती. पट्ट्यावर तिचा विश्वास होता, कारण त्याच्यामुळं मोडता मोडता वाचलेले संसार तिनं पाहिले होते. घटस्फोटाचे सर्वांत जास्त अर्ज उन्हाळ्यात यायचे. ती नवराबायकोला त्यांचा हवेचा वाटा दाखवायची आणि सांगायची, पाऊस स्थिरावला की परत या. पुष्कळ जण परत यायचेच नाहीत. एका बाईनं तर पुढच्या दिवाळीला तिला घरच्या अनारशांचा डबा पाठवला होता.

आता तिच्यासमोर बाबांचा पट्टा होता. आकडा लहान नव्हता. आज बाबा इतके खुशीत होते, त्यातला निम्म्याहून जास्त आनंद कोरड्या थंडीचा आणि लख्ख उन्हाचा होता.

"बाबा, हा हवेचा वाटा आहे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला दर हिवाळ्यात असं वाटतं. मागच्या वर्षी तुम्ही केरळला जायचं म्हणत होता, आठवतं? मार्चमध्ये विसरून गेलात."

"केरळ अन् देवगडे मॅडम एकच काय?"

"तसं नाही म्हणत मी."

"हवेनं आनंद झाला तरी झाला तो मलेच ना," बाबा म्हणाले. रागावले नव्हते. त्यांनी आणखी भरीत वाढून घेतलं.

साठी ओलांडलेल्या माणसानं घर विकायचं, मृत्युपत्र बदलायचं किंवा लग्न करायचं ठरवलं, तर जवळच्या नातेवाइकाला 'स्थिर संमती'साठी अर्ज करता यायचा. म्हाताऱ्या माणसांना कुणी फसवू नये म्हणून तो नियम आला होता. त्यात माणसाला तोच प्रश्न हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घरच्याच कुणीतरी, घरीच विचारायचा. पट्ट्याचं बटण दाबलं की उत्तर नोंदलं जायचं. तीनपैकी दोनदा उत्तर 'हो' आलं, तर निर्णय त्या माणसाचा. नाहीतर तो हवेचा, आणि मग वर्षभर त्याला पुन्हा तो विषय काढता येत नसे.

प्राचीनं लगेच फोनवरून अर्ज केला. बाबांना तसं सांगूनही टाकलं.

"विचार," ते म्हणाले. "तुह्या नोकरीचा भागच हाय तो."

तिथंच गच्चीवर तिनं बटण दाबून विचारलं. बाबांनी लग्नाला हो म्हटलं, आणि पाणी पिऊन पुन्हा शीळ घालायला लागले.

*

मे महिन्यात ती वरोऱ्याला गेली, तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गेले कित्येक दिवस दुपारचा पारा सत्तेचाळीसच्या खाली आला नव्हता. रात्रीही भिंती भट्टीसारख्या गरम राहत होत्या.

बाबा पुढच्या खोलीत, कूलरसमोर डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसले होते. दाढी वाढलेली. तिनं आणलेल्या टरबुजाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"कॅरमला जात नाही?"

"नाव काढू नको कॅरमचं. परवा त्या बाईनं मले सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. मी स्ट्रायकर रेषेच्या आत ठेवला म्हणे. म्या बी म्हटलं, दुकानात औषधं मोजताना अशीच नजर होती काय तुमची? तेव्हापासून बोलणं बंद."

प्राचीला हसू आलं नाही. उलट आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. तिनं बटण दाबलं.

"बाबा, तुम्हाला देवगडे मॅडमशी लग्न करायचं आहे?"

"नाही," बाबा ओरडले. "कोणाशीच काही नाही करायचं. कोणी नको मले. तू बी चहा मागू नको, गॅसजवळ उभं राहवत नाही."

पट्ट्यानं टिक् आवाज केला. नोंद झाली.

प्राचीनं टरबूज आत नेऊन ठेवलं. मग बाबांचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं, कपाळाला आठी घातली, "हूं, हूं" केलं आणि ठेवून दिला. उठून पंचा पुन्हा भिजवला, पलंगाखालून पान्ह्यांची पेटी ओढली आणि चपला घातल्या.

"कुठं निघालात एवढ्या उन्हात?"

"तिच्या कूलरचा पंप बंद पडला. मिस्त्री संध्याकाळी येतो म्हणते. तोवर शिजून निघन ती बाई." मग स्वतःशीच, दात खात ते म्हणाले, "दरवर्षी सांगतो पंप बदला, पंप बदला. ऐकलं तर शपथ."

"पण बोलणं बंद आहे ना तुमचं?"

"बोलाले कोण चाललं?"

प्राची त्यांच्या मागोमाग गेली. दोनच गल्ल्यांचं अंतर, पण पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

ज्योत्स्ना देवगडे साठीच्या, उंच, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी दार उघडलं. मोरेश्वरांकडे पाहिलं नाही. मोरेश्वरांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते सरळ मागच्या अंगणात गेले आणि कूलरची जाळी काढू लागले. बाईंनी त्यांच्या बाजूच्या कट्ट्यावर पन्ह्याचा पेला ठेवला आणि त्या एक शब्द न बोलता आत आल्या. थोड्या वेळानं पेला रिकामा झालेला होता.

प्राचीला घरी पाहिलेला बाबांचा आकडा आठवला. पट्टा वापरायला लागल्यापासून इतकी वाईट मनःस्थिती त्यानं त्यांची कधी दाखवली नव्हती. आणि तो माणूस उन्हात उकिडवा बसून, शिव्या देत, पंपाचा गाळ बोटांनी काढत होता.

"तूही घे," बाईंनी तिच्या हातात पेला दिला. "तू प्राची. लहानपणी आईबरोबर दुकानात यायचीस. खोकल्याचं गोड औषध मागायचीस, खोकला नसताना."

प्राची ओशाळून हसली. "काकू, तुम्ही पट्टा नाही घालत?"

"नाही. मला कळतं मी कधी चिडते ते. परवा चिडलेच होते." त्या समोर बसल्या. "प्राची, तुझ्या अर्जाचं मला वासेकरांनी सांगितलं. त्यांना तीनदा विचारायचं म्हणे. विचार. तू मुलगी आहेस, तुला काळजी असणार. पण या सगळ्यात मला कुणी काही विचारलंय का?"

प्राचीनं पेला खाली ठेवला.

"माझा भाचा पुण्याला बोलावतो आहे. त्याच्या इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा होतोय. पावसाळ्यानंतर मी जाईन म्हणते." आवाजात तक्रार नव्हती. "वासेकर परीक्षेला बसलेत आणि मी बाहेर निकालाची वाट बघत उभी आहे, असं या वयात नाही जमायचं मला."

मागच्या अंगणात पंप चालू झाला. पाणी पडल्याचा आवाज आला आणि खोलीत वाळ्याच्या वासाची पहिली गार झुळूक शिरली. मोरेश्वर दारात आले, हात पुसत. बाईंकडे न बघता भिंतीला सांगावं तसे म्हणाले, "चालू झाला. आता तरी बदलून घ्या म्हणा."

"बदलून घेऊ म्हणावं," बाईंनी खिडकीला सांगितलं.

चंद्रपूरला परतताना प्राची बसमध्ये त्याच एका प्रश्नात अडकून राहिली. बाबांनी नाही म्हटलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण नाही म्हटल्यावर त्यांनी जे केलं, त्याचं काय करायचं? न्यायालयात इतकी जोडपी तिच्यासमोर येऊन बसली. काय वाटतं, हे तिनं प्रत्येकाला विचारलं होतं. काय करता, हे क्वचितच.

तरीही तिनं अर्ज मागे घेतला नाही. एक हो, एक नाही. तिसरं उत्तर बाकी होतं.

*

ऑगस्टमध्ये झड लागली. वरोऱ्यात पाच दिवस सूर्य दिसला नव्हता. पाऊस जोराचा नव्हता, पण थांबतही नव्हता. घरात दोऱ्यांवर ओले कपडे, भिंतींना ओल, पापडाच्या डब्यात बुरशी. हॉलमधला कॅरमबोर्ड दमट हवेनं इतका जड झाला होता, की पावडर टाकूनही सोंगट्या हलत नव्हत्या, आणि खेळणारे घरीच बसले होते.

बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. प्राची आल्यावर त्यांनी मान हलवली, एवढंच. तिनं चहा केला. तो त्यांच्या हातातच निवला.

सहा वर्षांपूर्वी अशाच झडीत आई गेली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात पाणी साचलं होतं आणि बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते, ते प्राचीला आत्ता जसंच्या तसं दिसलं.

"विचाराले आली ना तू?" बाबा म्हणाले. "दाब बटण."

तिनं त्यांच्या मनगटाकडे हात नेला. मग थांबली.

"आज विचारशील तर मी नाहीच म्हणन," बाबा खिडकीतून बाहेर बघत बोलत होते. "चार दिवसांपासून तुही आई पुढ्यात येऊन बसून राहिली. काही बोलत नाही. नुसती बसते. मले वाटते, आपण हिले फसवून राहिलो."

"मग तुम्हीच सांगा, बाबा. नकोच ना हे लग्न?" हे म्हणताना आपला आवाज किती उत्सुक झाला, ते प्राचीचं तिलाच ऐकू आलं. घरात आईच्या जागी कुणी येऊ नये, असं तिला जानेवारीपासून वाटत होतं. तेव्हा तर ऊनही छान होतं आणि थंडीही. तिला जे वाटत होतं, त्यात हवेचा काही संबंध नव्हता.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बहुतेक त्यांनाही ते ऐकू आलं असावं.

"काल बी असंच झालं होतं," ते सावकाश म्हणाले. "मग छत्री घेतली अन् ज्योत्स्ना मॅडमकडं गेलो. तिथं जाऊन रडलो."

"त्यांच्यासमोर? आईसाठी?"

"अजून कोणासमोर रडू? तुह्यासमोर रडलो तर तू पट्टा पाहतं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आहे ते सांगत होते. "तुह्या आईची सगळी औषधं तिच्याच दुकानातून यायची. शेवटी शेवटी सुनंदा मले घरी पाठवून द्यायची अन् दुकानात एकटी बसून राहायची. दोघी तास तास बोलायच्या. मले माहीतच नव्हतं. काल मॅडम म्हणे, सुनंदा कडू गोळ्यांना आपल्या सासूचं नाव द्यायची. म्हणे, आज दोन सासूबाई द्या." बाबांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "सासू म्हणजे माही आई ना. मले कधी बोलली नाही हे."

प्राचीही हसली. मग तिला हसणं आवरेना, आणि मग रडणं. सहा वर्षांत आईची एकही नवी गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. असलेल्याच गोष्टी ती पुन्हा पुन्हा आठवत आली होती. आणि दोन गल्ल्यांपलीकडे एका बाईकडे आई अजून शिल्लक होती, तिनं न ऐकलेल्या बोलण्यांसकट.

तिनं डोळे पुसले. बाबांचा हात मांडीवर घेतला आणि पट्ट्याची कडी काढली. त्याखालची कातडी पांढरी पडली होती. मग फोन काढून अर्ज मागे घेतला. 'कारण' असं लिहिलेल्या रकान्यात तिला काही लिहिता आलं नाही. तो तिनं तसाच सोडला.

"बटण नाही दाबलं?" बाबांनी विचारलं.

"छत्री कुठं आहे तुमची?"

*

ज्योत्स्नाबाईंच्या पुढच्या खोलीत दोन मोठी खोकी उघडी होती. एकात भांडी, दुसऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या बरण्या. पुढच्या आठवड्यात टेम्पो येणार होता.

"बस," त्या म्हणाल्या. "खुर्चीवरची चादर ओली आहे, बाजूला कर. काही वाळतच नाही."

प्राची बसली नाही. तिनं कोर्टात कितीतरी अवघड प्रश्न विचारले होते, पण हा तिनं उभ्यानंच विचारला.

"काकू, माझे वडील मोरेश्वर वासेकर. डेपोत होते. तब्येत ठीक आहे, गुडघा थोडा दुखतो. उन्हाळ्यात फार चिडतात. पावसाळ्यात रडतात, ते तुम्हाला माहीत आहे. कॅरममध्ये स्ट्रायकर रेषेच्या आत ठेवतात, तेही माहीत आहे. त्यांच्यासाठी मी तुम्हाला मागणी घालायला आले."

बाईंनी गुंडाळलेली बरणी खोक्यात न ठेवता हातातच धरली.

"आणि तो अर्ज?"

"मागे घेतला."

"तुला चालणार आहे?"

"माहीत नाही," प्राचीनं खरं ते सांगितलं. "थोडं जड जाईल. पण मला आईचं आणखी ऐकायचं आहे. आणि बाबांनी दर उन्हाळ्यात इकडे धावत येण्यापेक्षा कूलर एकाच घरात असलेला बरा."

ज्योत्स्नाबाई खुर्चीवर बसल्या, ओल्या चादरीवरच. त्यांनी खिडकीबाहेरच्या आभाळाकडे पाहिलं.

"आज विचारू नये तू असं," त्या म्हणाल्या. "पाच दिवस झाले, आभाळ असं आहे. मन नुसतं भरून येतंय. आज मी कशालाही हो म्हणेन."

"मग उद्या येऊ?"

"उद्या हेच आभाळ असणार." त्यांनी हातातली बरणी वर्तमानपत्रातून सोडवली आणि मागच्या फळीवर, तिच्या जुन्या जागी ठेवली. "भाच्याला फोन करावा लागेल. टेम्पोवाल्यालाही. तू ते खोकं इकडे ओढ."

*

नोंदणी कार्यालयानं नोटिशीचा महिना धरून ऑक्टोबरमधली तारीख दिली. पाऊस संपला होता आणि जमिनीतून वाफ निघत होती. असह्य उकडत होतं. ऐन वेळी वीज गेली, पंखा थांबला. प्राचीच्या साडीला घामाचे डाग पडले. बाबांनी नवा शर्ट घातला होता, त्याची कॉलर टोचत होती आणि ते सगळ्यांवर वैतागले होते. ज्योत्स्नाबाई त्यांच्यावर वैतागल्या होत्या, कारण रिक्षात त्यांनी पडदा लावू दिला नव्हता आणि धुळीनं त्यांचा पांढरा दुपट्टा लाल झाला होता. येताना सबंध रस्ता दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

नोंदणी अधिकारी तरुण मुलगी होती. तिनं कागद पुढे सरकवला, दोघांच्या लाल, घामेजलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि जरा घुटमळली. तिच्या मनगटावर पट्टा होता. तिनं प्राचीकडे पाहिलं, जणू विचारत होती, आजच करायचं ना हे?

प्राचीनं पेन दोघांच्या मध्ये ठेवलं.

"तुम्ही दोघं स्वखुशीनं लग्न करताय ना?" मुलीनं नियमाप्रमाणे विचारलं.

बाबांनी कॉलर सैल केली आणि नुसती मान डोलावली.

"खुशीचं संध्याकाळी बघू," ज्योत्स्नाबाई पेन उचलत म्हणाल्या. "सही आत्ता करते."